छत्रीचं देणं

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या छंदात पंधरा-वीस वर्षं मुरलेले आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. पहिल्यांदा फासे हातात घेतले ते मी त्यांच्याच टेबलावर, त्यामुळे त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो राहील. पण गेल्या महिन्यात नव्या मुलामुलींच्या घोळक्याला त्यांनी जो सल्ला दिला, तो ऐकून मी फार अस्वस्थ झाले. ते म्हणाले, "सामुराईंचं कॅम्पेन लांबवायच्या भानगडीत पडू नका. आठ-दहा सेशन, फार तर बारा. त्या खेळात मुळातच सन्मानाची बेडी असते. जीएम म्हणेल तसं वागा, नाहीतर पोट फाडून घ्या. खेळाडूनं करायचं काय? शिवाय ते जपानही खरं नाही, अमेरिकनांनी रचलेलं आहे. चार घटका मजा करा आणि दुसरं काहीतरी खेळा." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघी दुसऱ्या दिवशी मला भेटल्या. चार महिने खपून त्यांनी एका मोठ्या कॅम्पेनचा आराखडा केला होता. "ताई, मग सोडूनच देतो आता," म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, सोडू नका. का सोडू नका ते तिथं उभ्याउभ्या सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. उरलेलं सगळं जग, म्हणजे पाऊस, दरबार, शत्रू, सराईचा मालक, हे जीएम, म्हणजे गेममास्टर, सांभाळतो. पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो आणि ते साधलं का ते फासे सांगतात. अशी एक बैठक म्हणजे सेशन, आणि त्याच पात्रांची गोष्ट अनेक सेशनांत पुढे चालत राहिली की ते कॅम्पेन. या सगळ्याची सुरुवात 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं झाली. सामुराईंवरचा 'बुशिदो' हा खेळ 1979 मध्ये आला. मी चालवते तो 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज'. तो आधी 1995 मध्ये पत्त्यांचा खेळ म्हणून निघाला आणि 1997 मध्ये त्याचा रोलप्लेइंगचा ग्रंथ आला. रोकुगान नावाचं कल्पित साम्राज्य, त्यात खेकडा, सारस, सिंह, विंचू, ड्रॅगन अशी चिन्हं मिरवणारी कुळं, आणि दहा बाजूंचे फासे. मूठभर टाकायचे आणि त्यातले ठरावीक ठेवून बेरीज करायची. आमचं कॅम्पेन सहा वर्षं चालू आहे. एक रविवार सोडून एक रविवार, आतापर्यंत एकशे चाळीसच्या आसपास सेशन झाली. गोष्टीत तेवढ्यात नऊ वर्षं उलटली.

आमच्या स्नेह्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. सामुराईंची कॅम्पेन मोडतात, आणि पुष्कळ मोडतात. माझंही मोडता मोडता राहिलं. पहिल्याच वर्षी सिंह कुळाचा एक तरुण लढवय्या आमच्या टेबलावर होता. एका संध्याकाळी तो एका पोराला वाचवायला सावकाराशी खोटं बोलला, मी त्याचे ऑनरचे गुण कापले. तो शेतकऱ्यांबरोबर बसून जेवला, कापले. वरिष्ठाला उलट प्रश्न केला, कापले. चौथ्या खेपेला त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "तू म्हणशील तसंच वागायचं असेल, तर हे फासे कशाला आणलेत आपण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आणखी दोनदा आला आणि मग यायचा थांबला. चूक माझी होती. आमचे स्नेही ज्याला बेडी म्हणतात ती मी माझ्या हातानं घडवून एका चांगल्या खेळाडूच्या पायात घातली होती.

पण ती बेडी खेळात होती का? तो मुलगा गेल्यावर मी चौथ्या आवृत्तीचा, म्हणजे 2010 च्या ग्रंथाचा तो भाग पुन्हा नीट वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. तिथं माणसाचे तीन वेगवेगळे आकडे असतात: ऑनर, ग्लोरी आणि स्टेटस. आम्ही टेबलावर ऑनरला 'सन्मान' म्हणत होतो आणि सगळा घोळ त्या एका शब्दानं केला होता. सन्मान ही दुसऱ्यानं द्यायची गोष्ट. दिली तर मिळते, काढून घेतली तर जाते. तो आकडा माझ्या ताब्यात आहे आणि मी तो शिक्षकाच्या छडीसारखा वापरायचा, असं मलाही त्यामुळेच वाटत राहिलं. लोक काय म्हणतात, चारचौघांत तुम्हाला कोण ओळखतं, हे ग्लोरीत मोजतात. हुद्दा स्टेटसमध्ये येतो. ऑनर ही माणसाची आतली गोष्ट आहे. आपण ज्याला इमान म्हणतो ते. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर इमान, नाव आणि हुद्दा असे तीन शब्द रुळले. एवढ्या बदलानं खेळ पालटला, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

कारण इमान म्हटल्यावर प्रश्न आपोआप बदलतो. 'सामुराईला हे शोभतं का' असं विचारायचं कुणाला सुचतच नाही. 'याचं इमान कुणाशी आहे' असं विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर खेळाडूच देऊ शकतो. ग्रंथातला तक्ताही हेच सांगतो. एकाच कृत्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याचं इमान वरच्या पायरीवर, त्याचा एका खोट्यानं जास्त तोटा होतो. जो खालच्याच पायरीवर आहे त्याला ते खोटं जवळजवळ फुकट पडतं. भीतीला, धमकीला, मोहाला तोंड देताना मात्र हाच आकडा फाशांच्या बेरजेत मिळवायला मिळतो, म्हणजे जो जपतो त्याच्या तो ऐनवेळी कामालाही येतो. आणि विंचू कुळाचं काय करायचं? तिथली माणसं मालकासाठी खोटं बोलतात, हेरगिरी करतात, इमानाचा आकडा खाली ठेवून जगतात, आणि तेच त्यांचं कर्तव्य असतं. एक अख्खं कुळ असं असताना 'हा खेळ एकाच साच्यात वागायला लावतो' असं म्हणता येईल का?

आता जीएमच्या त्या लाडक्या वाक्याकडे येते: "सामुराई असं करत नाही." खऱ्या सामुराईंच्या इतिहासात हे वाक्य कुणालाही इतक्या सहज म्हणता आलेलं नाही. 1600 साली सेकिगाहाराच्या ऐन लढाईत कोबायाकावा हिदेआकीनं बाजू बदलली आणि निकाल फिरला. तोदो ताकातोरानं एकामागून एक मालक बदलले आणि शेवटी मोठा सरदार होऊन बसला. आणि ज्या सत्तेचाळीस रोनिनांच्या कथेवर सगळं सामुराई-प्रेम पोसलेलं आहे, तिचंच बघा. 1701 मध्ये आको संस्थानाच्या आसानो नागानोरीनं एदोच्या किल्ल्यात किरा या अधिकाऱ्यावर हत्यार उपसलं आणि त्याला त्याच दिवशी सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरायची, शिक्षा झाली. त्याचे चाकर बेवारस, म्हणजे रोनिन, झाले. ओइशी कुरानोसुकेच्या नेतृत्वाखाली त्यांतल्या सत्तेचाळीस जणांनी जवळजवळ पावणेदोन वर्षं वाट पाहिली, किराचं मुंडकं कापलं आणि ते सेंगाकुजी देवळात मालकाच्या थडग्यापुढे नेऊन ठेवलं. 1703 मध्ये त्यांतल्या सेहेचाळीस जणांना सेप्पुकूचा हुकूम झाला.

ते बरोबर वागले का? यावर त्याच काळातल्या विद्वानांचं एकमत नव्हतं. ओग्यू सोराई म्हणाला, मालकापुरतं पाहिलं तर ते निष्ठेनं वागले, पण कायदा मोडला, तेव्हा शिक्षा व्हावी आणि ती मानाची व्हावी. सातो नाओकाताच्या मते त्यांना निष्ठावान म्हणणंच चूक, कारण आसानोला मारलं सत्ताधीश शोगुनच्या हुकमानं, किरानं नव्हे. आसामी केइसाई त्यांच्या बाजूनं उभा राहिला. 'हागाकुरे' हा सामुराईंविषयीचा ग्रंथ सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो तर म्हणाला की इतका काळ थांबणंच चुकलं, किरा मधेच आजारानं मेला असता तर? या त्सुनेतोमोची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1700 साली त्याचा मालक वारला तेव्हा मालकामागं मरायची त्याची इच्छा होती, पण तशा मरणाला बंदी होती, म्हणून तो मुंडण करून भिक्षू झाला. मरणाचा एवढा गौरव करणारा माणूस हुकूम पाळून जगला. हे सगळे सामुराई परंपरेतले, शिकलेसवरलेले लोक. त्यांच्यात एका कृत्यावरून एवढा वाद होतो, आणि आपण रविवारी दुपारी चहाचा कप हातात धरून 'सामुराई असं करत नाही' म्हणतो! बुशिदो, म्हणजे सामुराईंचा आचारधर्म, ही एक पक्की नियमावली होती ही समजूत जगभर पसरवण्यात मोठा वाटा इनाझो निटोबे यांच्या पुस्तकाचा आहे, आणि ते 1900 साली अमेरिकेत, इंग्रजीत निघालं. तोवर सामुराई वर्ग बरखास्त होऊनही जवळजवळ पंचवीस वर्षं लोटली होती.

लांबीचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. 2018 साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत पात्र घडवताना वीस प्रश्न विचारले जातात. तुझा मालक कोण आणि त्याच्याशी तुझं काय बांधून घेतलेलं आहे, हा त्यातला एक. तुला मनातून काय हवंय आणि ते त्या कर्तव्याच्या आड कसं येतं, हा त्याच्या पुढचा. जपानीत या दोन ओढींना गिरी आणि निंजो म्हणतात. आम्ही खेळतो चौथी आवृत्ती, पण हे दोन प्रश्न पाचवीतून उचलले. गिरी कशाला म्हणतात हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हे लहानपणापासून आपल्या कानावर असतं, आणि कर्णानं दुर्योधनाची बाजू का सोडली नाही हे आपल्या शाळकरी पोरालाही कळतं. जपानी सामुराईला तर मालकाकडून तांदूळच मिळायचा. कोकू हे त्याचं माप. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाचं वर्षभराचं धान्य. तेव्हा 'कुणाचं खाल्लंय' हा प्रश्न तिथं अगदी शब्दशः होता. आणि ही ओढाताण सामुराईंपुरती राहिलेली नाही. सेहेचाळीस रोनिन गेले त्याच 1703 साली ओसाकात चिकामात्सूचं सोनेझाकीच्या प्रेमी युगुलाच्या आत्महत्येवरचं कळसूत्री नाटक आलं, आणि त्यातला नायक दुकानातला नोकर आहे.

आता मला सांगा, मिठाला जागायचं तर आधी मीठ खायला वेळ नको का? बारा सेशनांत मी तुम्हाला सांगू शकते की अमुक सरदारानं तुमच्या बापाला दुष्काळात वाचवलं होतं. ते तुम्ही कागदावर लिहून घ्याल आणि माझ्यावर विश्वास ठेवून तसं वागाल. पण ते ऋण तुमचं नसेल, माझं असेल. तुमच्या पात्राला तापात कुणीतरी तीन रात्री उशाशी बसून पाणी पाजलेलं असेल, तुम्ही ते टेबलावर बसून अनुभवलेलं असेल, दीड वर्षानं तोच माणूस अपराधी म्हणून समोर उभा राहिला असेल, तर तेव्हा माझ्या सांगण्याची गरज पडत नाही. तुमचा हातच थबकतो.

यासाठी मी एक वही ठेवते. लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात असते तशी. एका बाजूला कुणी काय दिलं, दुसऱ्या बाजूला ते कुणावर आलं. पैसा नव्हे, शब्द, उपकार, अपमान, भेटवस्तू. प्रत्येक सेशननंतर पाचएक मिनिटं लागतात. जिवंत राहिलेलं देणं उघडं ठेवायचं, फिटलेलं लाल पेन्सिलीनं खोडायचं. सेशनची तयारी म्हणून मी नवं कथानक फारसं रचतच नाही. आदल्या रात्री वही उघडून बसते, एखादं जुनं उघडं देणं शोधते आणि तो माणूस दारात आणून उभा करते. त्या दोघी मुलींना मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच: तुमचा चार महिन्यांचा आराखडा कपाटात ठेवा आणि एक वही विकत घ्या.

आमच्या कॅम्पेनमधली पाच पात्रं पाच कुळांची, आणि पाचही सम्राटाच्या न्यायखात्यात, एका नदीकाठच्या व्यापारी गावात नेमलेली. कुळाचं मीठ एकीकडे, सम्राटाची शपथ दुसरीकडे, हे पहिल्या दिवसापासून. तिसऱ्या वर्षी खेकडा कुळाच्या हिदाच्या हाती अफूच्या व्यापाराच्या पावत्या लागल्या. पैसा कुठं जात होता? त्याच्याच कुळाच्या भिंतीवर. खेकड्यांची भिंत म्हणजे दक्षिणेच्या राक्षसी प्रदेशापासून साऱ्या साम्राज्याला वाचवणारी भिंत, आणि तिच्यावरच्या शिपायांचं धान्य त्या अफूवर येत होतं. पावत्या उघड केल्या तर भावाबंदांची उपासमार, दडपल्या तर शपथ मोडली. दोन पूर्ण सेशन आम्ही त्यावर घालवली. एकदाही तलवार निघाली नाही. सिंह कुळातली म्हणाली, कायदा म्हणजे कायदा. विंचू म्हणाला, पावत्या मला दे, मी हरवून टाकतो, पाप माझ्या माथ्यावर. हिदा खेळणारा मुलगा एरवी टेबलावर सगळ्यात बोलका. त्या दिवशी तो हातातला फासा बोटांत फिरवत बराच वेळ गप्प बसून राहिला. मग म्हणाला, "मी पावत्या सम्राटाकडे पाठवतो. आणि माझ्या मालकाला पत्र लिहून विनवतो की हा धंदा बंद करा. ते पत्र त्यानं वाचलंच पाहिजे, म्हणून त्याच्या अंगणात मी पोट चिरतो."

मरून विनवणी करायच्या या प्रकाराला जपानीत कान्शी असा शब्द आहे, हे त्या मुलाला माहीत नव्हतं. तो मार्ग त्यानं स्वतःच शोधून काढला. मी असं काही सुचवलं नव्हतं, ग्रंथात असा पर्याय लिहिलेला नव्हता. आमच्या स्नेह्यांच्या शब्दांत तो 'पोट फाडून घेणं' होता. त्या संध्याकाळी टेबलावर बसलेल्या एकालाही तसं वाटलं नाही.

तो मेला, मग कॅम्पेन संपलं का? अशा खेळात माणसं पटापट मरतात म्हणून तो लांबत नाही, हाही एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. ग्रेग स्टॅफर्डनं आर्थर राजाच्या सरदारांवर 1985 मध्ये केलेला 'पेंड्रॅगन' पाहा. त्याचं मोठं कॅम्पेन इसवी सन 485 पासून 566 पर्यंत चालतं. साधारण एका वर्षाला एक साहस, मग हिवाळा, त्यात शेतीचं उत्पन्न, लग्नं, बाळंतपणं. सरदार म्हातारा होतो, मरतो, खेळाडू त्याच्या मुलाला घेऊन पुढे जातो. मरण हा तिथं अडथळा ठरतच नाही. रोकुगानातही हिवाळ्यात लढाया थांबतात आणि दरबार भरतो. आम्ही तो हिवाळा कधी चुकवत नाही. हिदाचा धाकटा भाऊ पुढच्या हिवाळ्यात आला, थोरल्याची तलवार कमरेला आणि थोरल्याची सगळी देणी डोक्यावर घेऊन. वहीत नाव तेवढं बदललं. सिंह कुळातली गेल्या वर्षी वयाची चाळिशी गाठून मठात गेली, तिच्या खेळाडूनं आता तिची भाची उचलली आहे.

राहिला नकली जपानचा मुद्दा. रोकुगान म्हणजे जपान नव्हे, हे मी नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी सांगते. अमेरिकन लेखकांनी जपान, चीन आणि बरंच काही एकत्र कालवून ते केलेलं आहे, त्यात ढोबळ चुका आहेत. पण म्हणून खेळ टाकायचा, तर आपल्याला कल्पनेतलं कुठलंच जग उरणार नाही. आपण जास्त वाचावं, जास्त पाहावं, आणि ते टेबलावर आणावं. मासाकी कोबायाशींचा 1962 चा 'हाराकिरी' हा चित्रपट एकदा पाहिला की सामुराई आचारसंहितेवरचा सगळ्यात कठोर आरोप जपानी माणसानंच केलाय हे कळतं. त्यातला म्हातारा रोनिन एका बड्या घराण्याच्या अंगणात बसून त्या घराण्याच्या प्रतिष्ठेचा बुरखा टरकावतो. तुमच्या खेळाडूला तो म्हातारा व्हायची मुभा असेल, तर खेळात बंडाची जागा आहेच.

मात्र या खेळाविषयीची एक अडचण आमच्या स्नेह्यांनी काढलीच नाही, आणि तीच खरी अडचण आहे. रोकुगानात कातडं कमावणारे, प्रेतं हलवणारे लोक अस्पृश्य आहेत. प्रेताला हात लावला तर सामुराई विटाळतो. अमेरिकेतल्या टेबलावर हा कदाचित परक्या देशाचा रंग भरायला ठेवलेला तपशील असेल. आपल्या टेबलावर तो तसा असूच शकत नाही. दुसऱ्याच महिन्यात आमच्यातली एकजण म्हणाली, "हे वर्णन तू इतक्या सहज करू नकोस. माझ्या आजोबांनी हे सोसलंय." त्या दिवशी आम्ही खेळलो नाही, बोललो. खऱ्या जपानमध्ये एता आणि हिनिन म्हणून ज्यांना बाजूला ठेवलं गेलं, त्यांची ती वर्गवारी 1871 च्या फर्मानानं रद्द झाली, आणि तरीही भेदभाव इतका टिकून राहिला की 1922 मध्ये त्यांना क्योटोत सुइहेइशा ही आपली संघटना उभारावी लागली. हे आम्ही त्या दिवशी शोधून वाचलं. मग तिनंच सुचवलं की हा भाग गाळू नये, मधोमध आणावा.

रोकुगानच्या कायद्यात पुराव्यापेक्षा सामुराईच्या शब्दाला किंमत जास्त. खुनाच्या तपासात प्रेत उलथंपालथं करून जखम कशानं झाली हे सांगणारा माणूस मात्र तोच, ज्याच्या शब्दाला किंमत शून्य. आमच्या कॅम्पेनमध्ये असा एक म्हातारा आहे. गावातल्या प्रत्येक खुनाचं सत्य त्याला ठाऊक असतं आणि कचेरीच्या उंबऱ्याच्या आत त्याला यायला नाही. पाच दंडाधिकाऱ्यांनी सहा वर्षांत सोडवलेलं एकही प्रकरण त्याच्या मदतीवाचून सुटलेलं नाही. माझ्या वहीत सगळ्यात जास्त उघडी देणी त्या एका माणसाची आहेत आणि फिटलेलं एकही नाही. हे बारा सेशनांत कसं दाखवणार? दोन-तीन प्रकरणांत तो मदतीला येणारा विचित्र म्हातारा एवढाच राहील. एकोणिसाव्या खेपेला त्याला पावसात बाहेर उभं ठेवून जेव्हा आत शाबासक्या वाटल्या जातात, तेव्हा खेळाडू माझ्याकडे न बघता आपापल्या कागदाकडे बघतात. ज्यांना व्यवस्थेवर राग यायला हवाय, त्यांनी तिच्यात एवढा काळ राहायला हवं.

आता त्या दोघी मुलींना सांगितलेली शेवटची गोष्ट इथंही सांगते.

आमच्या दुसऱ्या सेशनमध्ये, सहा वर्षांपूर्वी, कचेरीच्या अंगणात पावसात एक नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. विंचू कुळाचा, दुसऱ्या कुळाकडे ओलीस ठेवलेला. त्याला आत ये म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी ते वर्णन वातावरणापुरतं केलं होतं. सारस कुळाच्या काकिता घराण्यातली तलवारबाज खेळणारी मुलगी थांबली आणि म्हणाली, "मी त्याला माझी छत्री देते." तेलकट कागदाची, बांबूच्या काड्यांची छत्री. रोकुगानात भेट दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची अशी रीत आहे. कुडकुडणाऱ्या मुलानं ती दोनदा नाकारली आणि तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी घेतली. मी वहीत एक ओळ लिहिली.

गेल्या पावसाळ्यात तो मुलगा परत आला. अठरा वर्षांचा, वयात येण्याचा गेम्पुक्कू समारंभ झालेला. त्याच्या मालकानं आमच्या काकितावर लाचखोरीचा आरोप ठेवला होता आणि तो सिद्ध करायला द्वंद्वासाठी याला पाठवलं होतं. काकितांपुढे द्वंद्वात उभं राहणं म्हणजे काय हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. आधी एकमेकांना जोखायचं, मग मन एकवटायचं, मग एकच वार. मुलगा मरणार होता, आणि हे त्यालाही कळत होतं. पाऊस पडत होता. तो अंगणात आला तो तीच छत्री घेऊन, दोन काड्या नव्या बसवलेल्या, कागद बदललेला. ती त्यानं दोन्ही हातांवर आडवी धरून तिच्यापुढे केली. देणं फेडून मोकळ्या मनानं मरायचं होतं त्याला.

तिनं रीतीप्रमाणे नाकारली. त्यानं दुसऱ्यांदा पुढे केली, तिनं नाकारली. तिसऱ्यांदा केली.

तिच्या हातात फासे होते. तिनं ते टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "घेत नाही."

तिसऱ्यांदा भेट नाकारणं म्हणजे भर दरबारात देणाऱ्याच्या तोंडावर अपमान. तिचं नाव त्या क्षणी मातीला मिळालं, आणि द्वंद्व झालं नाही तर लाचखोरीचा डागही धुतला जाणार नव्हता. पण ऋणको राहिलेला मुलगा तिच्यावर तलवार कशी उपसणार? इमानाचा आकडा वर न्यायचा की खाली, यावर आम्ही रात्री साडेअकरापर्यंत भांडलो आणि ठरलं नाही. नावाचे गुण तिनं स्वतःच खोडले. अंगणात त्या मुलानं छत्री मिटली, काखेत धरली आणि पावसात तसाच उभा राहिला. वहीतली ती ओळ अजून उघडी आहे.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा बसतोय. त्या दोघींना बघायला बोलावलंय.